साबणाचा फेस

सशांच्या खुराड्याला दार म्हणून
पत्र्याची एक बाई आहे, अर्धीच.
कमरेखालची कुणीतरी कापून नेली
गुत्त्याच्या धुराड्यावर झाकण टाकायला.
उरली ती हसते.
हातात काचेचा पेला, वर उतू जाणारा फेस,
डोक्यावर 'पांढरा सारस बिअर'
त्यातला सारस गंजाने खाल्लेला.

ही माझी आई, द्राहोमीरा.

बापाने तिला बसवली होती खिडकीपाशी
तीन दिवस.
पण फेस ऐकेना.
रंग कालवेपर्यंत बसून जायचा,
की पेला रिकामा करा, नवा भरा.
पहिल्या संध्याकाळी नऊ पेले संपले,
कागदावर फक्त एक कान,
आणि बाप कोचावर आडवा.

दुसऱ्या दिवशी आईने
धुण्याचा साबण किसला, गरम पाणी घातलं,
अंडं फेटावं तसा फेटला
आणि पेल्यावर थापला.
"काढ आता. हा रात्रीपर्यंत हलायचा नाही."

म्हणून ती ओठ घट्ट मिटून हसते आहे.
लोक म्हणायचे, किती लाजते!

स्टेशनात होती ती, तालमीच्या भिंतीवर होती,
ओल्शिनाच्या गुत्त्यात तर थेट दारासमोर.
गडी पेला उचलायचे आधी तिच्याकडे, मग एकमेकांकडे.
ती स्वतः आत कधी गेली नाही.
बायका मागच्या खिडकीशी यायच्या,
आणि रविवारी बायकांच्या पोरी,
निळा टवका उडालेला जग घेऊन,
साडेअकराला, सूप चुलीवर असताना.
मीही त्यातलीच.
"सांडू नकोस," आई म्हणायची.
पिऊ नकोस असं नाही म्हणायची.
देवळीच्या वळणावर मी वरचा फेस ओढायचे,
पांढऱ्या मिशा बाहीला पुसायचे,
आणि घरी आल्यावर जग उंचीने कमी भरायचा.
आई बघायची. वाढायला घ्यायची.

गुत्तेवाला आलोइस हिशेब ठेवायचा चिठ्ठीवर,
पेल्याखालच्या ओल्या चिठ्ठीवर पेन्सिलच्या रेघा,
चार उभ्या, पाचवी आडवी.
बापाच्या नावाची चिठ्ठी त्याने पुरल्याच्या दिवशी आणून दिली.
एकेचाळीस रेघा.
"राहू दे," म्हणाला, "मागे बघ."
मागे एक हात होता.
सुजलेली बोटं, नखांपाशी चिरा,
सोड्याने सोललेलं मनगट.
मी तो लगेच ओळखला.
जाहिरातीतला हात आईचा नाही,
तो बापाने कुठल्याशा मासिकातून उचललेला,
गोरा, लांब, कधी बादली न पाहिलेला.
चिठ्ठी आईला दाखवली तेव्हा
तिने ती उजेडात धरली आणि म्हणाली,
"करंगळी जाड काढलीय मेल्याने."

पुढे कारखाना सरकारजमा झाला,
सारसाच्या जागी आकडा आला.
त्याच आठवड्यात बापाने पत्रा हातगाडीवर घालून घरी आणलेला होता.
कशाला, ते बोलला नाही.
सशांना दार हवं होतं, एवढंच.

काल प्रागहून एक जण आला, बूट फारच स्वच्छ.
जुन्या पाट्या गोळा करतो.
खुराड्यासमोर गुडघे टेकून बसला
देवासमोर बसावं तसा.
"काय फेस आहे! असा फेस आता कुणाला जमत नाही."
मला हसू आवरेना.
त्याला वाटलं, किंमत वाढवतेय,
त्याने ती आपणहून वाढवली.
अर्धीच आहे, मी म्हटलं.
म्हणूनच तर, तो म्हणाला.
छपराचं काम होईल इतके पैसे होते.
मी म्हटलं, सशांना पिलं झालीत. ईस्टरनंतर या.

रात्री कडी लावायला गेले
तर हातात दुकानातल्या डब्यातली बिअर होती, पेल्यात ओतलेली.
तिच्या पेल्याशेजारी धरून उभी राहिले, गारठ्यात,
उगाच.
माझा बसत गेला.
तिचा उभाच.
आतून एका सशिणीने पाय आपटला.