वाजत नाही ती

रजिस्ट्रेशन पुढं सरकायला गुण लागतात,
म्हणून रविवारी शटर ओढून
लक्ष्मीपुरीतल्या एका हॉलमध्ये बसलो.
बत्तीस वर्षं गोळ्या मोजणारी माणसं आम्ही,
पोरांच्या बाकांत पोटं मावत नव्हती.

नेजदार मॅडमनी फळ्यावर लिहिलं:
टेनोफोविर, लॅमिवुडिन, डोल्युटेग्रावीर.
शेजारचा मगदूम पुटपुटला,
"ही सरकारी गोळी. सीपीआरला फुकट मिळते.
आपल्या काउंटरवर येतंय कोण?"

येतात, मॅडम म्हणाल्या.
ॲसिडिटीचं पातळ औषध मागत येतात,
लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम.
उपाशीपोटी दोन्ही एकत्र गेली
की कॅल्शियम हिचा हात धरून बसतं,
रक्तापर्यंत जाऊ देत नाही.
ही दोन तास आधी, किंवा सहा तासांनी.

"आणि गंगावेशीतलं म्हशीचं दूध?" मागून कुणीतरी.
हॉल हसला. मॅडमही.
जेवणाबरोबर चालेल, म्हणाल्या.

गंगावेशीत माझंच दुकान.
दहा तारखेला, चारच्या सुमाराला
एक बाई येते, गडहिंग्लज गाडीच्या घाईत.
कॅल्शियमची बाटली, पांढऱ्या झाकणाचीच,
आणि दहा रुपयांचा कापूस.
एकदा पर्सच्या आडोशानं
तिनं कॅल्शियम कागदात बांधलं,
पिशवीतल्या दुसऱ्या बाटलीतलं ह्यात ओतलं,
वर कापूस दाबला,
आणि कानाशी धरून हलवून पाहिलं.

मला वाटलं, असते एकेकाची सवय.

कागदातलं फेकत नसणार ती.
पैसे मोजलेत.
सकाळी एका घोटात दोन्ही.
किती महिने?
मी वहीत तारखा मोजत राहिलो
आणि पुढची स्लाइड गेली.

वीसपैकी अठरा पडले.
प्रमाणपत्रावर उपाध्येचं उपाध्याय झालंय.
तसंच लावलंय, काचेमागं.

दहा तारखेला ती आली.
खोकल्याच्या औषधाला दोघं उभे होते,
त्यांना आधी वाटेला लावलं.
मग तिच्या पाकिटावर लाल पेनानं लिहिलं:
कॅल्शियम सकाळी. गोळी रात्री.

तिनं वाचलं. परत वाचलं.
"कुठली गोळी?"
पहिल्यांदाच तोंडाकडं बघून विचारलं तिनं.

"जी वाजत नाही ती."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, दुधाचे कॅन आदळत.
पाकीट तिनं घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं.
सुटे नव्हते.
कापसाचे दहा राहिले,
पुढच्या महिन्यात देते, म्हणाली.