श्वास धरा

सकाळी साडेआठला मी मशीन सुरू करतो.
भिंतीवर कुणीतरी कधीकाळी चिकटवलेला कागद:
खोल श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
कागद पिवळा पडला, शब्द तेच.
दिवसातून नव्वद वेळा मी ते म्हणतो.
झोपेतही म्हणतो म्हणे,
बायको सांगते.

हिवाळ्यात संत्र्याच्या गाड्या येतात शहरात
आणि त्याच धुक्यातून खोकणारी माणसं.
कोराडीकडून, खापरखेड्याकडून,
कन्हानच्या काठाकाठानं.
कुठल्या गावचे, हे मी आता विचारत नाही.
छातीला पाटी लावताना खांद्यावरून बोट फिरतं,
बोटालाच कळतं.
करडं, मऊ,
बाळाच्या पावडरीहून बारीक.

परवा पंचफुला नेवारे आली.
वय?
"लिवा साठ. नाईतं पासष्ट. तुमच्या मनानं."
श्वास घ्या, म्हटलं. घेतला.
धरून ठेवा.
एक, दोन,
खोकला.
चित्र हललं.
पुन्हा. पुन्हा हललं.
बाहेर रांग दारापर्यंत आलेली,
वॉर्डबॉय दोनदा डोकावून गेला.

तिसऱ्यांदा ती हसलीच, पदरानं तोंड पुसत:
"श्वास धराले मले शिकवता काय, बापू?
आमी ढिवर.
शिंगाड्याचा वेल चिखलात खोसाले
मी बुडी मारली का
काठावर पोट्टे मोजत बसत.
शंभर झाले तरी मी खालीच.
सासू म्हने, सून आनली का मासोळी!"

तलाव आहे अजून?

"आहे नं. तलाव कुठं जाते?
राख आली पाइपातून, बसत गेली.
आता वरून असा सपाट, सिमेटावानी.
आमची बकरी चालत गेली, जमीन समजून.
निंगाली नाई."

मी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.
ती मशीनकडे बघत राहिली.
"हे लाइटीवर चालते नं?"
हो.
"मंग चालू द्या.
आमच्याच इकडून येते लाइट."

एक्स-रेमध्ये हवा काळी दिसते.
नव्या माणसाला हे सांगावं लागतं,
त्याला काळं म्हणजे वाईट वाटतं.
चांगला माणूस आतून काळाभोर असतो,
अमावस्येच्या आभाळासारखा मोकळा.
पांढरं दिसलं की समजायचं
काहीतरी येऊन बसलंय.

चौथ्या वेळी तिनं डोळे मिटले.
नाक चिमटीत धरलं, बुडी मारताना धरावं तसं.
नाक धरायची गरज नव्हती,
मी काही बोललो नाही. बटण दाबलं.

स्क्रीनवर दोन तळी उमटली,
काठाकडून भरत आलेली,
मधे थोडं पाणी शिल्लक.
काय आहे ते डॉक्टर लिहितील.
माझं काम चित्रापुरतं.
"निंगाला का फोटो?"
निघाला.
"चांगला आला?"
स्पष्ट आला, म्हटलं.
तेवढं खरं होतं.

संध्याकाळी मानकापूरला, घराच्या गच्चीवर,
पोरीचा पीटीचा पांढरा ड्रेस काढायला गेलो.
तारेवर एक ओळ, चिमट्यांवर एक,
टाकीच्या झाकणावर कुणीतरी बोटानं
स्वतःचं नाव लिहिलेलं. पोरीचंच अक्षर.
उत्तरेला धुराडी, त्यांचे लाल दिवे
एक लागतो, एक विझतो.
ड्रेस झटकला
आणि झटकताना आपोआप
श्वास धरला.

मग म्हटलं, बघू तरी.
मोजत उभा राहिलो तारेला धरून.
वीस. पंचवीस.
खालच्या घरात कुकरची शिट्टी झाली.
तीस.
कानात पाणी भरल्यासारखं वाटलं,
वर कुणी पोरं मोजत असावीत असं.

चौतीसला सुटला.

सोडला की
घ्यावाच लागतो.