शनिवारची पाकिटं

शुक्रवारी सांजेला चौतीस पुरुष येतील.
वसतिगृहातून चटया आणल्या, एकोणतीस निघाल्या;
उरलेल्या पाचांना ताडपत्री.
ज्वारीचं पीठ, तूरडाळ, लसणाची चटणी,
आणि मोबाइल ठेवायला धान्याची जुनी कोठी.
फादर आंजेलो म्हणाले, कुलूप लावा,
नाही तर मौन फक्त फळ्यावर राहील.
पापनिवेदनाच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे,
त्याखाली गेल्या वर्षीचं कॅलेंडर, घडी घालून.

हे सगळं सोपं.
अवघड ती पाकिटं.

शनिवारी रात्री, मेणबत्त्या लागल्यावर
प्रत्येकाच्या हातात घरचं एक पत्र द्यायचं.
त्याला आधी कळता कामा नये.
म्हणून नंदुरबारच्या मिरची पथारीवरून
बाया थेट माझ्याकडे येतात,
दिवसभर देठ मोडून आगीची झालेली बोटं,
पदरात दाबलेला खोकला:
"मास्तर, मले लिखता येत नही. तू लिख."

होमीबाई वळवी म्हणते, लिही, बैल बरा आहे.
मग बराच वेळ काही नाही.
मग, लिही, त्या दिवशी भाकर करपली ती मुद्दाम नव्हती.
मी लिहितो. ती कागदाकडे बघते, वाचता येत नसून.
"खोड ते. मुद्दाम होती.
देवाच्या कामात खोटं कशाला."

मोगी पाडवी बजावते, सुधारू नको, म्हणते तसंच लिही:
तू पिऊन आलास तरी मी दार उघडते.
पण पोरगी आता जागी असते.
एवढंच. खाली अंगठा उठवते,
शाईची गरज पडत नाही.

लुकासची बायको बार्डोलीला, ऊसतोडीवर.
तिचं पत्र फोनवरून आलं, मागे कोयत्यांचा आवाज.
सांगा त्यांना, धाकट्याचा दात पडला.
कौलावर टाकायचा तर इथे कौल कुठलं,
कोपीवर प्लास्टिक आहे.
उसाच्या सरीत पुरला.

आणि एक जण, नाव नाही सांगत,
म्हणाली, कोराच ठेव. त्याला समजेल.
मी कोरा कागद नीट तीन घड्या घालून
पाकिटात सरकवला,
वर नाव घातलं.
इतरांपेक्षा हलका नाही लागला हाताला.

रात्री मोजली तर तेहतीस.
यादी बोटाने खाली उतरत गेलो.
शेवटचं नाव पेन्सिलीतलं, फादरांच्या अक्षरातलं,
माझंच.

घरी सेवंती बल्बखाली तांदूळ निवडत बसली होती.
ती सातवी शिकलेली, अक्षर माझ्याहून वळणदार,
पण हात पुढे करून म्हणाली, बोटं पेटलीत,
तुम्हीच लिहा. तुम्हाला सवय आहे.
मी वहीतला कागद फाडला.
"लिहा, अहो."
लिहिलं, अहो.
"लिहा, तुम्ही साऱ्या वस्तीचं ऐकून घेता."
लिहिलं.
"लिहा, घरी आल्यावर तुमचे कान दमलेले असतात."
लिहिलं. पूर्णविराम दिला. वाट बघितली.

"आता पुढचं तुमच्याने लिहवणार नाही.
पेन आणा इकडे."

पाठ करून बसली. बराच वेळ
नुसता कागदावर पेन घासल्याचा आवाज,
मध्येच एकदा बोटांवर फुंकर.
बाहेर मोहाची फुलं पडायला लागली होती,
कुत्रं भुंकून गप्प झालं,
ती लिहितच होती.
बारा वर्षं मी या वस्तीत दहा आज्ञा पाठ करून घेतोय,
त्या आत्ता विचारल्या असत्या
तर चौथीपाशी अडलो असतो.

भाताच्या शिताने पाकीट चिकटवून
तिने ते माझ्या हातात दिलं नाही,
स्वतःच गठ्ठ्याच्या मध्ये कुठेतरी खुपसलं.

सकाळी गठ्ठा कोठीत ठेवताना
नकळत डोळ्यांना हात लागला.
चौतीस पाकिटं, प्रत्येकावर मिरचीचे हात फिरलेले.
नळाखाली वाकून किती तरी वेळ उभा होतो.

यादीत एक ओळ वाढवली:
शनिवारी रात्री सभागृहाच्या दाराशी
पाण्याचे दोन माठ जास्त.