मत राखून ठेवले आहे

माझं अक्षर बरं आहे,
म्हणून एकवीस वर्षं ससूनच्या डेड हाऊसमध्ये
बाकीचे कापतात आणि मी लिहितो.

तांबोळी मॅडम मास्कच्या आडून बोलत जातात,
मी दाराशी, पॅड पोटाशी धरून.
पुरुष. वय बेचाळीस. बांधा मध्यम.
उजव्या दंडावर गोंदलेलं, हिरवं पडलेलं: शैला.
नखांत काळं.
रक्त नाही, मॅडम म्हणाल्या, वंगण आहे.
भोसरीच्या कुठल्याशा शेडमधलं, लेथवरचं,
साबणाला दाद न देणारं.

बाहेर त्याचा भाऊ हवालदाराला सांगत होता,
हिनंच काहीतरी घातलं जेवणात.
ती भिंतीला टेकून उभी.
पायात दोन वेगळ्या जोडांतल्या चपला.

यल्लप्पानं काटा शून्यावर आणला.
हृदय: तीनशे ऐंशी ग्रॅम.
मॅडमनी ते उलटंसुलटं करून पाहिलं
मंडईत वांगं पाहावं तसं
(हे मला सुचायला नको, पण सुचतं).
डावी रक्तवाहिनी चुनखडीनं बुजलेली, जुन्या नळासारखी.
स्नायूत एक पांढुरका व्रण, रुपयाएवढा.
जुना, त्या म्हणाल्या. पाच-सहा महिन्यांचा. लिही.
मला वाटलं, मिळालं कारण,
आज चहा वेळेवर होणार.

मग जठर उघडलं.
भात. मटकी, दाणा न् दाणा ओळखू येणारी.
आणि वास.
मॅडम थांबल्या. मास्क खाली केला, परत वर घेतला.
लसणासारखा, म्हणाल्या.
उंदराच्या औषधालाही असाच येतो.
यल्लप्पा काही बोलला नाही.
त्यानं बरण्या काढल्या, मिठाचं पाणी केलं,
लाखेसाठी मेणबत्ती पेटवली.
शेवटच्या रकान्यात मी लिहिलं:
मत राखून ठेवले आहे.

चार शब्द.
बरण्या गणेशखिंडीला गेल्या, रांगेत बसल्या.
शब्द भोसरीला गेले.
तिथं त्यांनी सात महिने काय केलं
ते कुठल्याच रजिस्टरला नाही.
एवढं कळलं की पोरगी आजोळी पाठवली
आणि शेजारीण तिच्या हातचं पाणी घेईना.

आली तेव्हा चपला एका जोडाच्या होत्या.
वाचलंय मी, म्हणाली, कळलं नाही. तुम्ही सांगा.
मी सांगितलं: विष सापडलं नाही. हृदयानं गेले.
आणि हा व्रण, म्हणजे आधी एकदा झटका येऊन गेलेला,
त्यांनी अंगावर काढला.

ती बोटांवर महिने मोजू लागली.
अंगठा एका पेरावर थांबला.
मागच्या दिवाळीआधी. शुक्रवार.
दुपारचेच घरी आले, घामानं भिजून. पित्त म्हणाले.
मी इनो आणलं. दोन पाकिटं.
रात्री परत गेले पाळीवर.

मग मी पुढचं वाचलं. वाचायला नको होतं.
जठरात लसणासारखा वास.

ती माझ्याकडे बघत राहिली.
लसूणच होता की.
अख्खा गड्डा ठेचून घातला होता उसळीत,
त्यांना तसाच लागायचा.
कुणी विचारलंच नाही हो मला.

मॅडमचं चुकलं नाही.
नाकाच्या भरवशावर कुणाला अडकवता येत नाही,
सोडताही येत नाही, एवढं मलाही कळतं.
तरी मी छापील रकाने वरपासून खालपर्यंत पाहिले.
दात, जीभ, यकृत, प्लीहा,
अंगावरचे कपडे, कपड्यांवरची माती.
स्वयंपाक करणारीला विचारण्यासाठी जागा
सरकारनं सोडलेली नाही.

तिनं कागदाची घडी केली. उलगडली.
याची एक प्रत दिराला मिळेल?
अर्ज द्यावा लागेल, मी म्हटलं.
तिनं माझंच पेन घेतलं,
खिडकीच्या कट्ट्यावर कागद टेकवून
उभ्यानंच लिहायला लागली.

तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं होतं.