टेक्सासचा तात्या

चांदिवलीच्या खाणीत आम्ही टेक्सास उभं केलं.
साल अठ्ठ्याहत्तर, रोज अठरा रुपये, जेवण धरून.
खरं निवडुंग कुंपणाला होतंच, बोटभर काट्यांचं,
पण केकीशेठ म्हणाले, हे देशी दिसतं.
म्हणून थर्माकोलचं आणलं, हिरवं रंगवलं,
आणि पहिल्याच दुपारी एका शेळीनं
त्याचा डावा हात खाल्ला.

माझं काम मरायचं.
एकूण नऊ वेळा मेलो त्या सिनेमात:
छपरावरून, पिंपामागं, एकदा मिशी लावून,
एकदा तीच मिशी दुसऱ्याला देऊन.
कंपनीकडे टोप्या सातच.
म्हणून गोळी लागलेल्यानं कोसळता कोसळता
टोपी पुढच्याकडे फेकायची,
ती डोक्यावर बसली
की मग त्यानं मरायचं.

तात्या शेरीफ म्हणजे वासू खानोलकर,
अर्धं आयुष्य दशावतारात राक्षस नाचलेला.
छातीवरचा तारा डालड्याच्या डब्याचा;
उलटला की मागचं माडाचं झाड दिसायचं.
पिस्तूल उपसायच्या आधी तो
दोन पावलं मागं जायचा, एक गिरकी,
आणि पोटातून अशी आरोळी
की खाणीतले कावळे उठायचे.
केकीशेठ कपाळ धरून बसायचे.
वासू म्हणायचा,
'शेटनू, शेरीफ झालंय म्हणान काय प्रवेश करूचो नाय?'

घोडी रमजानभाईंची, कुर्ल्याची, नाव शबनम.
जन्म वरातींत गेलेला.
पाठलागात ती प्रत्येक दारापुढं थांबे,
कुणी ओवाळल्याशिवाय हलत नसे.
शेवटी मेकअपमननं पावडरच्या डबीचं झाकण ओवाळलं,
तेव्हा कुठं डाकू पळाला.

आणि ती पाटी.
पेंटरनं झोकात लिहिलं होतं: सलून.
आत दारूचा गुत्ता, ग्लासांत कोकम,
झुलती दारं ग्रँट रोडच्या एका इराण्याकडून भाड्यानं आणलेली.
शॉट चालू. काळा जॅक, म्हणजे वसईचा फ्रान्सिस डाबरे,
टेबलावर बूट ठेवून दात कोरत बसलेला.
दार ढकलून आला इराप्पा,
पलीकडं खडी फोडणारा,
भुवयांपर्यंत दगडाच्या पुडीनं पांढरा.
खुर्चीत बसला, मान मागं टाकली,
डोळे मिटले, म्हणाला,
'दाढी.'

कुणी हललं नाही.
फ्रान्सिसनं पट्टा सोडला, दोन्ही पिस्तुलं बाजूला ठेवली,
बिअरचा फेस म्हणून घुसळलेला साबण होता, तो
हलक्या हातानं त्याच्या गालांना लावला,
मेकअपमनचा वस्तरा मागितला.
कॅमेरा चालूच होता. केकीशेठना
कट म्हणायचं सुचलं नाही.
पुडीखालून हळूहळू
एक पोरगेला चेहरा निघाला.
इराप्पानं आरशात बघितलं, हनुवटी चाचपली,
टेबलावर चार आणे ठेवले
आणि सुरुंगाचा भोंगा झाला म्हणून घाईनं गेला.
फ्रान्सिस ते चार आणे हातात घेऊन
बराच वेळ उभा होता.
त्या दिवशी त्याला डाकू काही जमला नाही.

सिनेमा चार दिवस चालला, मॅटिनीला.
हसायच्या जागी लोक शेंगा खात होते,
तात्याच्या मरणाच्या भाषणाला मात्र खुर्च्या बडवून हसले.
दाढीच्या वेळी तेवढं
शेंगा फोडणंसुद्धा थांबलं.
बायको शेजारी बोटांवर मोजत होती.
दिवे लागल्यावर म्हणाली,
'आठच झाले हो.'
एक कापलं होतं त्यांनी, पिंपामागचं दुसरं.
मला वाईट वाटलेलं बघून म्हणाली,
'असू दे. एक शिल्लक राहिलं.'

आता खाणीत टॉवर आहेत, बावीस-बावीस मजली.
फ्रान्सिस गेला, वासू गेला,
शबनम तर कधीचीच.
मी एक्याऐंशीचा. ते एक मरण
अजून माझ्या नावावर जमा आहे.
कसं पडायचं ते पाठ आहे: डावा गुडघा आधी,
मग खांदा, चेहरा कॅमेऱ्याकडं.
फक्त टोपी कुणाकडं फेकायची,
तेवढं ठरत नाही.