सतरा चौकटी

रॉकेलचा बोळा, झिजलेला पॉलिश पेपर,
सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद
आणि एक मऊ पेन्सिल.
एवढंच माझं दुकान, ठाण्यात,
लुईसवाडीच्या वळणावर, आरटीओच्या भिंतीलगत.
गाडी आली की बॉनेट उघडतो,
नंबर हुडकतो, कागद धरतो, घासतो.
काळ्यातून पांढरा वर येतो.
चॅसिस प्रिंट. साठ रुपये.
घाई असेल तर ऐंशी.

नव्या गाड्यांचं सोपं.
सतरा अक्षरं, मशीननं ठोकलेली,
कवायतीला उभी केल्यासारखी.
पहिली तीन कोणी बनवली ते सांगतात,
मधलं एखादं साल सांगतं,
शेवटची सांगतात, कारखान्यातून कितवी निघाली.
त्यांत आय नाही, ओ नाही, क्यू नाही.
एकाशी, शून्याशी गल्लत होते,
म्हणून त्या तिघांना घेतलंच नाही.
हे मला भोईरकाकांनी शिकवलं.
ते नंबर बोटानं वाचायचे, चष्मा खिशात ठेवून.
"दमानं घास. आकडा म्हणजे खड्डा, पोरा.
कडा गेली की आकडा गेला,
आणि आकडा गेला की मालक चोर."

मंगळवारी नौपाड्याच्या माणिक गुप्ते आल्या,
स्वतः चालवत.
फियाट, फणसाच्या गऱ्याच्या रंगाची.
गाडी चौऱ्याहत्तरची, बाई एकोणऐंशीच्या.
मी इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर बोळा फिरवला.
गंज, जुना हिरवा रंग, पुन्हा गंज,
मग एकेक करून आकडे.
नऊच निघाले.

फॉर्मवर चौकटी सतरा.
"आधी आठ शून्यं भरू," मी म्हणालो,
"कॉम्प्युटर रिकामी चौकट घेत नाही."
"कोणाची शून्यं?"
"कोणाचीच नाहीत, बाई."
"मग माझ्या गाडीला कशाला?"

यावर काय बोलायचं?
मी कागद लावला, पेन्सिल आडवी धरली.
सहावा आकडा उमटला तो तिरका,
एक म्हणावा तर टोपी आहे,
सात म्हणावा तर पडायला आलाय.
पुन्हा घासला. तसाच.
"सातच आहे तो," बाई न वाकता म्हणाल्या,
"पुढच्या दोनावर टेकलेला.
ठोकताना कोणाला तरी शिंक आली असणार."

त्र्याऐंशी साली गाडी चोरीला गेली होती.
सापडली खाडीपलीकडे, कळव्याला,
पाटी दुसऱ्याची, अंगावर हिरवा रंग.
फौजदार म्हणाला, हीच कशावरून?
कागद? कागद गाडीतच होते, गाडीबरोबर गेलेले.
बाईंनी बॉनेट उघडायला लावलं,
फौजदाराकडेच बघत हात आत घातला,
दर रविवारी फडकं फिरवलेल्या जागी.
"सहावा बघा. टेकलाय का?"
त्यानं बॅटरी मारली.
टेकला होता.

"शहाण्या आकड्यांनी काय दिलं मला?" बाई म्हणाल्या.
"बाकीचे आठ कोणाचेही असते."

मी दोन प्रिंट काढल्या, फाइलला लागतात तेवढ्या.
मग तिसरी काढली.
ती त्यांनी घडी न घालता
पर्समध्ये, औषधांच्या चिठ्ठीमागे सरकवली.
साठच दिले. ऐंशी मी मागितलेही नव्हते.

फॉर्म मात्र माझ्याकडून ओढून घेतला.
आठही शून्यं स्वतः भरली,
गोल, टपोरी, शाईच्या पेनानं,
एकही कुठे टेकलेलं नाही.
"घे. तुझ्या कॉम्प्युटरला भूक लागली असेल."

खिडकीतला नवा पोरगा नंबर टाइप करताना
तिरक्याला एक समजणार, हे मला माहीत होतं.
एक समजला तर गाडी दुसरी,
आणि पुन्हा कोणीतरी विचारणार, हीच कशावरून?
म्हणून प्रिंटवर बाण काढला,
लाल पेनानं लिहिलं, हा सात आहे,
आणि खाली सही केली.
सही कोणी मागितली नव्हती.