कुमुदा

बोर्डावर नाव ओकुमुरा आहे,
पण रविवार कारंज्यावर ते कुणाच्या जिभेवर बसलंच नाही.
रिक्षावाले म्हणाले कुमुदा,
गॅसवाला म्हणाला कुमुदा,
पाणीपट्टी आली तीसुद्धा
‘मे. कुमुदा भोजनालय, पहिला मजला’ या नावानं,
आणि बाबांनी ती निमूट भरली.

खरी ओकुमुरा हामामात्सूत होती,
कारखान्याच्या फाटकासमोर
सहा खुर्च्यांचं तिचं दुकान.
सातपूरहून अठरा महिन्यांच्या ट्रेनिंगला गेलेले बाबा
रोज रात्री कडेच्या खुर्चीवर बसायचे,
तिथून तिचे हात दिसायचे म्हणून.
आईला त्यांनी हे लग्नाआधीच सांगून टाकलं.
‘हातच ना?’ आई म्हणाली.
बाई सत्तरीची होती हे सांगायला मात्र
बाबांनी आठ दिवस लावले.

कंपनीनं व्हीआरएस दिली
तेव्हा बाकीच्यांनी पाथर्डी फाट्याला प्लॉट घेतले.
बाबा तांबट आळीत गेले
आणि चौकोनी तवा मागितला.
रंगनाथ तांबट हातोडी खाली ठेवून म्हणाले,
‘भाऊ, तांबं गोल फिरतं.
तीन पिढ्यांत आमच्या हातून कोपरा निघालेला नाही.’
मग अकरा दिवस ठोकत बसले.
चारातला एक कोपरा जरा बसका राहिला,
त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.
अंडं अजून त्याच कोपऱ्यात आधी करपतं.

तांदूळ घोटीचा, इंद्रायणी.
चिकटपणाबद्दल ज्याला घरोघरी नावं ठेवतात
त्याच गुणासाठी आमच्याकडे त्याची आरती.
मासा बर्फात बसून कसाऱ्याचा घाट चढायचा
आणि रात्री बहुतेक आम्हीच खायचो.
सराफ बाजारातले शहा चातुर्मासात येतात,
काकडीची गुंडाळी मागवतात, बिनकांद्याची.
तिच्यात कांदा नसतोच,
हे बाबा दरवर्षी तितक्याच आदरानं सांगतात.

एकदा खरेखुरे जपानी आले, तिघं.
बाबांनी शर्ट बदलला,
कमरेत वाकले, वाक्य जुळवू लागले,
आणि तिघांनी बोट ठेवलं पनीर चिलीवर.
बाबांनी केली. चांगली केली.
त्यातला म्हातारा जाताना ओट्यापाशी थांबला,
तव्याच्या कडेवर नखानं टिचकी मारली,
ऐकलं,
आणि काही न बोलता जिना उतरला.
त्या रात्री बाबा जेवले नाहीत.
चिडले होते की खूश होते
ते आम्हाला आजही माहीत नाही.

आता बाबांचे हात कापतात.
अंडं आई गुंडाळते.
जन्मात तिनं अंडं तोंडात घातलेलं नाही,
चव विचारायची सोय नाही.
ती कान देते.
कडेचा चुरचुर आवाज खाली बसला
की पहिली घडी,
पुन्हा तेल, पुन्हा पातळ थर,
बसक्या कोपऱ्याला जरा घाई.
कापताना दोन्ही टोकं बाजूला काढते.
टोकं वाकडी असतात, गिऱ्हाइकाला देत नाहीत,
आम्ही भावंडं त्यांच्यावरच मोठी झालो.

परवा कुरिअरवाल्यानं वही पुढे केली.
‘कुमुदाताई, इथे सही.’
आईचं नाव शरयू.
तिनं ओला हात पदराला पुसला
आणि सावकाश, वळणदार अक्षरात
कुमुदा लिहिलं.
पाकिटात घरमालकाची नोटीस होती,
खाली मोबाइलचं शोरूम येणार आहे,
त्यांना वरचा मजलाही हवा.
बाबांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला,
आणि दुपारच्या रिकाम्या दुकानात
ओट्याच्या कडेच्या खुर्चीवर जाऊन बसले.
बराच वेळ बघत राहिले.

‘बसलात काय,’ आई मान वर न करता म्हणाली,
‘मिसो आटतंय. पाणी घाला.’